अर्ध्या टक्क्याचा हिशेब: होमी भाभा आणि बंदरापलीकडची अणुभट्टी

पेणहून अलिबागला जाताना धरमतरचा पूल लागतो. खाली अंबा नदीची खाडी. ही खाडी उत्तरेकडे जात रेवस-करंजाच्या मधून मुंबई बंदराला मिळते, आणि त्याच बंदराच्या वरच्या टोकाला, घारापुरीच्या पलीकडे, ट्रॉम्बेचा डोंगर उभा आहे. (जुने लोक त्यालाही तुर्भे म्हणत, नवी मुंबईतल्या तुर्भ्याशी त्याची गल्लत करू नये.) ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास त्या डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याने भरलेल्या एका खोल हौदात, युरेनियमची साखळी प्रक्रिया पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चालू राहिली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ही पहिली अणुभट्टी. तिच्यामागे उभे होते डॉ. होमी जहांगीर भाभा, वय वर्षे ४६.

भाभांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे: संस्था उभारणारे, चित्रे काढणारे, पाश्चात्त्य संगीत ऐकणारे, झाडे तोडण्याऐवजी मुळासकट हलवायला लावणारे. हे सगळे खरेच आहे. पण त्यांच्या कामात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक प्रश्न दिसतो, आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. गणिताने काढलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? तरुण वयात त्यांनी याचे उत्तर फार काटेकोरपणे शोधले. पुढे अधिकारपदावर असताना मात्र ते नेहमीच तितके काटेकोर राहिले नाहीत, असे माझे मत आहे.

त्यांचा जन्म मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी एका सुखवस्तू पारशी घरात झाला. वडील जहांगीर हे कायदेपंडित, आई मेहेरबाई. आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी, त्यामुळे उद्योग आणि पोलाद यांच्या गप्पा लहानपणापासून कानावर. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि मग १९२७ मध्ये केंब्रिज. मुलाने मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या कारखान्यात यावे, अशी घरची इच्छा होती. मुलाला हवे होते भौतिकशास्त्र. शेवटी तडजोड झाली: इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणिताचे बघू. १९३० मध्ये पहिला वर्ग मिळाला आणि वडिलांनी शब्द पाळला. इंजिनिअरिंगची ती तीन वर्षे वाया गेली नाहीत. समीकरण सुटले की काम संपत नाही, यंत्र चालले पाहिजे, ही जाणीव तिथलीच असावी.

केंब्रिजमध्ये त्यांनी केलेल्या कामांपैकी एक आज त्यांच्या नावानेच ओळखले जाते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते कोणत्या कोनात किती वेळा विखुरतील, याचे गणित म्हणजे भाभा विकिरण. कण-टक्कर यंत्रांमध्ये टकरींचा दर मोजण्यासाठी आजही त्याचाच मापदंड वापरतात. दुसरे काम १९३७ चे, वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबरचे. अवकाशातून येणारा एखादा वेगवान इलेक्ट्रॉन हवेत शिरतो, अणुकेंद्राजवळून जाताना ऊर्जेचा एक कण, म्हणजे फोटॉन, सोडतो. त्या फोटॉनचे पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन असे दोन होतात. ते पुढे जाऊन पुन्हा फोटॉन सोडतात. एकाचे दोन, दोनाचे चार. जमिनीवरच्या यंत्रांना एकाच क्षणी शेकडो कणांची सर का जाणवते, याचा उलगडा या सिद्धांताने झाला.

इथे जरा थांबायला हवे, कारण पुढच्या अणुभट्टीचे बीज इथेच आहे. भाभा-हाइटलर गणित सरासरी सांगत होते: अमुक जाडीच्या शिशातून गेल्यावर सरासरी इतके कण मिळतील. पण प्रत्यक्षात एखाद्या वेळी ५० मिळतात, एखाद्या वेळी २००. हा चढउतार किती असावा? पहिल्या मांडणीत त्यांनी सोपे गृहीतक धरले होते. प्रत्येक कण जणू स्वतंत्रपणे पडतो, म्हणजे सरासरी १०० असेल तर साधारण १० इकडे-तिकडे. पण सरीतले कण स्वतंत्र नसतात. ते एकाच कुळातले असतात. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर नशिबाने एक फाटा जास्त फुटला की त्याची सगळी संतती वाढते. तिथे एक फाटा खुंटला की अख्खी शाखा जाते. त्यामुळे खरा चढउतार त्या सोप्या अंदाजाहून बराच मोठा निघतो. बारा-तेरा वर्षांनी, १९५० मध्ये, भाभांनी हा प्रश्न पुन्हा हातात घेतला आणि अल्लादी रामकृष्णन यांच्याबरोबर सरासरीभोवतीच्या या विचलनाचे गणित मांडले. तोवर त्यांच्यामागे आयोग, समित्या, मंत्रालये लागली होती. तरीही आपल्याच जुन्या सिद्धांताच्या पायातला कच्चा दगड काढून तिथे पक्का बसवायला त्यांनी वेळ काढला. त्यांच्या सगळ्या शोधनिबंधांत मला हे काम अधिक मोलाचे वाटते.

सरीचे हे गणित हाताने पूर्ण करणे जवळपास अशक्य होते. म्हणून १९५२ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक वेगळाच मार्ग धरला. आलेख चिकटवलेले एक नळकांडे तो हाताने फिरवी, ते जिथे थांबेल त्यावरून पुढच्या कणाचे काय झाले ते ठरवी, आणि अशा अनेक सरी त्याने कागदावर ‘पाडल्या’. फासे टाकून निसर्गाची नक्कल करण्याच्या या पद्धतीला माँटे कार्लो म्हणतात. बॉम्बच्या कामात गुंतलेल्या स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ती न्यूट्रॉनांसाठी काही वर्षे आधी सुचवली होती. आज जगातल्या बहुतेक अणुभट्ट्यांचे गणित पडताळायला हीच पद्धत वापरली जाते. फरक इतकाच की नळकांड्याच्या जागी संगणक आहे आणि तो कोट्यवधी न्यूट्रॉनांच्या जन्मकुंडल्या मांडतो.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात युद्ध पेटले. परत जाणे राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली, त्यांनी काम सुरू केले. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टच्या अध्यक्षांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाची एक संस्था काढण्याची कल्पना मांडली. त्या वेळी हिरोशिमावर बॉम्ब पडायला सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता. तरीही अणुऊर्जा येईल तेव्हा देशाला बाहेरून तज्ज्ञ आणावे लागू नयेत, हा विचार त्या पत्रात होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षअखेर मुंबईत पेडर रोडच्या एका बंगल्यात आली. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले.

आता अणुभट्टीकडे. युरेनियम-२३५ च्या केंद्रावर न्यूट्रॉन आदळला की ते फुटते आणि सरासरी अडीचच्या आसपास नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतले काही भट्टीबाहेर निसटतात, काही पोलाद, पाणी किंवा युरेनियमच गिळून टाकते, आणि उरलेल्यांपैकी काही पुढचे केंद्र फोडतात. एका पिढीतल्या १०० विखंडनांमागे पुढच्या पिढीत बरोबर १०० झाली तर भट्टी स्थिर चालते. ९९ झाली तर ती विझत जाते, १०१ झाली तर भडकते. म्हणजे भाभांच्या सरीसारखीच ही एकाचे दोन होण्याची गोष्ट. फक्त सर पडून संपते, इथे तिला थोपवून धरायचे असते.

किती बारकाईने थोपवायचे? हलक्या पाण्याच्या भट्टीत न्यूट्रॉनची एक पिढी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी असते. पिढीमागे वाढ नुसती एक हजारांश धरली, म्हणजे १००० चे १००१, तरी एका सेकंदात दहा हजार पिढ्या होतात आणि चक्रवाढीने शक्ती वीस हजार पटींहून जास्त वाढते. असे असते तर कोणताही माणूस किंवा दांडा तिला आवरू शकला नसता. निसर्गाने एक सवलत ठेवली आहे. युरेनियम-२३५ च्या विखंडनातले सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन लगेच बाहेर पडत नाहीत. ते काही सेकंदांनी, तर थोडे मिनिटभराने येतात. भट्टी या उशिरा येणाऱ्यांच्या भरवशावर चालवली, तर तीच एक हजारांश वाढ दुप्पट व्हायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ देते. माणसाच्या आणि यंत्राच्या हातात तो पुरतो.

०.६५ टक्के, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त, हीच ती मोकळी जागा. आणि हाच त्या काळातल्या गणितज्ञांसमोरचा पेच होता. कारण हिशेबात घातलेले आकडेच त्याहून कच्चे होते. न्यूट्रॉन एखाद्या केंद्रात अडकण्याची शक्यता ‘बार्न’ या एककात मोजतात. बार्न म्हणजे धान्याचे कोठार. इवल्याशा केंद्राच्या मानाने हे लक्ष्य कोठाराच्या भिंतीएवढे मोठे, अशी ती अमेरिकन शास्त्रज्ञांची थट्टा. मंद न्यूट्रॉनसाठी युरेनियम-२३५ च्या विखंडनाचे हे लक्ष्य सुमारे ५८५ बार्न भरते, थोरियमने न्यूट्रॉन गिळण्याचे सुमारे साडेसात. पण न्यूट्रॉनचा वेग बदलला की आकडा बदलतो, काही वेगांना तो एकदम शेकडो पटींनी उसळतो. असा प्रत्येक पदार्थ, प्रत्येक वेग. चाळीसच्या दशकात हे आकडे प्रत्येक देशाने स्वतःपुरते मोजले आणि तिजोरीत ठेवले.

ती तिजोरी उघडली १९५५ च्या ऑगस्टमध्ये, जिनिव्हाच्या परिषदेत. अणूच्या शांततामय वापरावरची संयुक्त राष्ट्रांची ही पहिली मोठी सभा, आणि तिचे अध्यक्ष होते भाभा. वर्तमानपत्रांत गाजले ते त्यांचे अध्यक्षीय भाषण. दोन दशकांत माणूस हायड्रोजनच्या संमीलनातून नियंत्रित ऊर्जा काढू लागेल, असे भाकीत त्यांनी त्यात केले होते. त्याला आता सत्तर वर्षे होऊन गेली आणि संमीलनाची वीज अजून कुठल्याही घरात पोहोचलेली नाही. पण त्या परिषदेचे खरे फळ आकड्यांच्या तक्त्यांत होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी एकमेकांपासून लपवून मोजलेले आकडे समोरासमोर ठेवले गेले. पुष्कळ ठिकाणी ते चांगले जुळले, काही ठिकाणी जुळले नाहीत. चार स्वतंत्र माणसांनी एकच शेत मोजावे आणि मग नकाशे जुळवावेत, तसे ते होते. आकड्याची अनिश्चितता किती, हे कळण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

अप्सरेची आखणी याच सुमाराला सुरू होती. रचना आणि बांधकाम इथले. इंधन, म्हणजे समृद्ध युरेनियमच्या मिश्रधातूचे पत्रे, ब्रिटनचे. नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव यांच्या चमूने बनवली. साधारण आठ मीटर खोल हौद आणि वरून दिसणारे पाणी. तेव्हा संगणक नव्हता. गणित हाताने, टेबलावरच्या फिरकी यंत्रांवर आणि तक्त्यांवरून झाले. अशा गणिताने नेमके किती इंधन घातल्यावर साखळी सुरू होईल हे सांगता येते, पण अर्ध्या टक्क्याच्या आत सांगता येत नाही. म्हणून जगभर जी रीत होती तीच इथेही पाळायची होती, आणि ती समजण्यासारखी आहे.

हौदात न्यूट्रॉनचा एक छोटा स्रोत ठेवतात आणि शेजारी मोजणारे यंत्र. इंधनाचा एक-एक भाग घालत जातात. साखळी अपुरी असेल तेव्हा इंधन त्या स्रोताचे न्यूट्रॉन काही पटींनी वाढवते: पिढीमागे १०० चे ९० होत असतील तर दहा पट, ९९ होत असतील तर शंभर पट, ९९.९ ला हजार पट. प्रत्येक वेळी ‘एक भागिले मोजणी’ हा आकडा कागदावर मांडतात. टिंबे खाली उतरत जातात. त्यांच्यातून रेघ ओढली की ती शून्याला कुठे टेकेल ते दिसते, आणि तिथेच भट्टी स्वयंपूर्ण होणार. पुढच्या वेळी त्या अंतराचा थोडाच भाग जायचे, पुन्हा मोजायचे, पुन्हा रेघ ओढायची. आधीच्या गणिताने सांगितलेला आकडा बाजूला ठेवलेला असतो. तो रेघेशी जुळतो की नाही ते पाहायचे, त्याच्यावर विसंबायचे नाही.

धरमतरच्या जेटीवर बंदरातून माल घेऊन येणाऱ्या बार्जचा तांडेल वेगळे काय करतो? भरतीचे कोष्टक त्याच्याकडे असते, नकाशावरची खोलीही असते, बार्ज पाण्यात किती बुडाली आहे हेही माहीत असते. वजाबाकी केली की तळाखाली किती पाणी राहील ते निघते. पण कोष्टक हे भाकीत आहे, वाऱ्याने पाणी हातभर वर-खाली होते, आणि पावसाळ्यानंतर गाळ कुठे सरकला ते नकाशाला ठाऊक नसते. तिन्हींच्या चुका एकाच बाजूला पडल्या तर बार्ज रुतते. म्हणून उत्तर वीतभर आले की तो उधाणाची वाट पाहतो.

२० जानेवारी १९५७ रोजी पंतप्रधान नेहरूंनी ट्रॉम्बेच्या केंद्राचे औपचारिक उद्घाटन केले आणि भट्टीला अप्सरा हे नाव दिले. भट्टी चालू असताना हौदातले पाणी निळसर प्रकाशाने उजळते, त्यावरून सुचलेले ते नाव. अप्सरेची शक्ती कमाल एक मेगावॉट. विजेसाठी ती नव्हतीच. न्यूट्रॉन मोजण्याची, माणसे शिकवण्याची आणि किरणोत्सारी समस्थानिके बनवण्याची ती जागा होती. १९६० मध्ये शेजारीच कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॉटची सायरस भट्टी आली, जिला थंड ठेवायला याच बंदराचे समुद्राचे पाणी वापरत. थायरॉइडच्या तपासणीला लागणारे आयोडीन, कर्करोगावर वापरले जाणारे किरणोत्सारी पदार्थ इथून रुग्णालयांत जाऊ लागले. परळचे किरणोत्सारी औषध केंद्र १९६३ चे. या कामाबरोबरच बंदरातले पाणी, गाळ आणि मासळी यांची किरणोत्सारासाठी नियमित तपासणी करण्याची पद्धतही ट्रॉम्बेत पहिल्यापासून ठेवली गेली. खाडीकाठच्या माणसाच्या दृष्टीने अणुशास्त्राचा सगळ्यांत जवळचा भाग हाच.

पण अनिश्चिततेच्या दृष्टीने सर्वांत बोलकी भट्टी तिसरी होती, आणि तिचे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. झर्लिना, जानेवारी १९६१. तिची शक्ती जेमतेम १०० वॉट, एका जुन्या बल्बाएवढी. तिच्यातून ना वीज, ना समस्थानिके. तिचे काम एकच: जड पाण्यात युरेनियमच्या कांड्या वेगवेगळ्या अंतरांवर मांडायच्या आणि साखळी नेमकी केव्हा सुरू होते ते पाहायचे. म्हणजे गणित तपासण्याचे यंत्र. सुटे आकडे प्रत्येकी दोन टक्क्यांनी चुकीचे असू शकतात, पण अख्खी मांडणी एकदा मोजून पाहिली की त्या सगळ्यांचा एकत्रित परिणाम अर्ध्या टक्क्याहून बारीक कळतो.

यात एक सापळा आहे, आणि या विषयातले लोक आजही त्याला दचकून असतात. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकू शकतात. युरेनियमचा एक आकडा थोडा जास्त, दुसरा थोडा कमी, आणि गणित प्रयोगाशी हुबेहूब जुळते. मग त्याच आकड्यांवर वेगळ्या इंधनाची, वेगळ्या तापमानाची भट्टी आखली की तिथे त्या चुका एकमेकींना खात नाहीत, उलट भर घालतात. म्हणून नुसते जुळले एवढे पुरत नाही. का जुळले ते कळावे लागते. आता संगणकावर हे असे करतात: प्रत्येक आकडा त्याच्या अनिश्चिततेच्या हद्दीत थोडाथोडा हलवून तेच गणित शेकडो-हजारो वेळा चालवायचे आणि उत्तरे किती पसरतात ते बघायचे. कोणते आकडे एकमेकांबरोबर हलतात, म्हणजे एकाच प्रयोगातून आलेले असल्याने त्यांची चूकही एकाच दिशेची आहे, हेही नोंदवावे लागते. भाभांच्या सरीतले कण स्वतंत्र नव्हते, तसे हे आकडेही स्वतंत्र नसतात.

संगणकाचे महत्त्व भाभांना लवकर कळले होते. टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण गटाने पन्नाशीच्या दशकात एक संगणक स्वतः बांधला आणि १९६० मध्ये तो पूर्णपणे कामाला लागला. २७०० निर्वात नळ्या आणि २०४८ शब्दांची स्मृती. आजच्या हिशेबाने दहा किलोबाइट. मोबाइलवर येणाऱ्या शुभप्रभातच्या एका चित्रालाही ती पुरणार नाही. नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचे नाव ठेवले टिफरॅक. दोन वर्षांनी तिथे अमेरिकेचा सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. हाताने महिनोनमहिने चालणारी गणिते तासांवर आली.

भाभांचे सगळ्यांत मोठे गणित मात्र कोणत्याही संगणकात मावणारे नव्हते. १९५४ मध्ये त्यांनी तीन टप्प्यांची योजना मांडली. भारतात युरेनियम थोडे, थोरियम भरपूर, केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत. थोरियम स्वतः साखळी चालवू शकत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम जाळून प्लुटोनियम मिळवायचे, दुसऱ्यात ते वेगवान भट्ट्यांत वाढवायचे, तिसऱ्यात थोरियमपासून बनलेल्या युरेनियम-२३३ वर देश चालवायचा. मांडणी इतकी देखणी की आजही भारताचा अणुकार्यक्रम तिच्याच नावाने ओळखला जातो.

पण तिच्या पोटात एक बारीक वजाबाकी आहे. मंद न्यूट्रॉनांच्या भट्टीत युरेनियम-२३३ ने गिळलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनमागे सुमारे २.२९ नवे मिळतात. त्यांतला एक साखळी पुढे न्यायला, एक थोरियमपासून नवे इंधन बनवायला. उरले ०.२९. निसटणारे, पाण्यात आणि धातूत जिरणारे, सगळे त्यातून भागवायचे. शिवाय थोरियम न्यूट्रॉन गिळल्यावर लगेच युरेनियम-२३३ होत नाही. मध्ये प्रोटॅक्टिनियम नावाची अवस्था असते, तिचा अर्धायुष्यकाल २७ दिवस. त्या दिवसांत तिने आणखी एक न्यूट्रॉन गिळला तर न्यूट्रॉनही गेला आणि इंधनही. आणि युरेनियम-२३३ चे उशिरा येणारे न्यूट्रॉन ०.२६ टक्केच असतात, म्हणजे थोपवून धरायची जागा निम्म्याहूनही कमी. २.२९ मध्ये एक-दोन टक्क्यांची चूक म्हणजे शिलकीतल्या ०.२९ मधला बारावा ते सहावा हिस्सा. १९५४ मध्ये या आकड्यांवर पन्नास-साठ वर्षांची योजना बेतणे हे धाडस होते. ट्रॉम्बेत २००८ मध्ये प्रगत जड पाण्याच्या भट्टीसाठी खास एक छोटी प्रायोगिक भट्टी चालू करावी लागली ती यासाठीच: थोरियमच्या मांडणीचे गणित प्रत्यक्ष मोजून तपासायला. झर्लिनाचेच काम, पन्नास वर्षांनी.

आकड्यांविषयीची ही सावधगिरी भाभांनी सगळीकडे पाळली नाही. चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये अणुचाचणी केली, त्यानंतर आठ दिवसांनी आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी बॉम्बचा खर्च सांगितला: दहा किलोटनचा सुमारे साडेसतरा लाख रुपयांना, दोन मेगाटनचा तीस लाखांना. हे आकडे अमेरिकेत शांततामय स्फोटांसाठी प्रसिद्ध झालेल्या दरपत्रकातून घेतलेले होते. ते अशा देशाचे होते, ज्याच्याकडे भट्ट्या, प्लुटोनियमचे कारखाने आणि चाचणीची मैदाने आधीच उभी होती. भारतात ते सगळे उभारण्याचा खर्च त्यात नव्हता. भाषणाचा एकूण रोख निःशस्त्रीकरणाच्या बाजूचा होता, हे खरे. पण संसदेत आणि वर्तमानपत्रांत लोकांनी उचलले ते आकडेच. ज्या माणसाने स्वतःच्या सिद्धांतातली सरासरी आणि तिच्याभोवतीचा पसारा वेगळा करून दाखवला होता, त्याने हा आकडा पसाऱ्याशिवाय द्यायला नको होता. मोठ्या पदावरून उच्चारलेल्या आकड्याला कोणी प्रश्न विचारत नाही. अणुऊर्जा खात्याचा कारभार कायद्यानेच गुप्त असल्यामुळे बाहेरच्या माणसाला तो विचारण्याची सोयही नव्हती.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाजवळ माँ ब्लाँच्या शिखराखाली आदळले आणि विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. घातपाताच्या कहाण्या तेव्हापासून फिरत आहेत. चौकशीतून पुढे आले ते साधे आणि म्हणून अधिक चटका लावणारे आहे. विमानातले दिशादर्शक एक उपकरण बंद होते. शिखर ओलांडले आहे असा वैमानिकाचा अंदाज होता, आणि तो चुकला होता. रडारवरच्या नियंत्रकाला खरी जागा दिसली, त्याने दुरुस्ती कळवली, पण ती पुरेशा नेमक्या शब्दांत नव्हती. वैमानिकाने तिचा अर्थ वेगळा घेतला आणि विमान खाली आणत राहिला.

पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचे नाव दिले गेले. तारापूरची वीज १९६९ मध्ये आली. झर्लिना १९८३ मध्ये बंद झाली, अप्सरा २००९ मध्ये, सायरस २०१० च्या अखेरीस. अप्सरेच्या जागी नवी, दुप्पट शक्तीची भट्टी १० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिचे इंधन कमी समृद्ध युरेनियमचे आणि इथेच बनवलेले. तिचे गणित आता संगणकावर होते, अनिश्चिततेच्या हद्दींसकट. तरीही पहिल्यांदा इंधन भरताना न्यूट्रॉनचा छोटा स्रोत आत ठेवतात, एक-एक भाग घालतात, आणि मोजणीचा उलटा आकडा मांडून रेघ ओढतात.